राहिलेला ‘व’

“एक वाटी कमी निंघाली, भाऊ. आमी तं मोजून देल्ल्या होत्या.”

“गेली असन कुठीतरी. तेरवीच्या गर्दीत मानूस हरपते, वाटीचं काय घेऊन बसल्या.”

“दुसऱ्या कोनाची हरपली असती तं मी आली नसती. आमच्या शोभाआत्यालेच नाही भेटली. बाबाची सख्खी बहीन. गावभर बाबाच्या नावाच्या वाट्या अन् बहिनीच्या घरी नाही. आता वर्षश्राद्धाले ये म्हटलं तं म्हनते, भावाचं नाव मले देल्लं नाही, मी कायले येऊ?”

“मंग दुसरी घ्या ना बाई. शेठच्या दुकानात वाट्याच वाट्या हायेत.”

“घेते ना. पन नाव तुमीच घालजा. तेच अक्षर पायजे. आत्या खोडीची हाये, शेजारनीच्या वाटीसंगं लावून पाहीन.”

भाऊ म्हणजे रुपराव भोयर, भांड्यांवर नावं घालणारा. मांडीतला गंज त्यानं उगाच फिरवला. गंज म्हणजे उभ्या काठाचं पातेलं. पुस्तकात पातेलं म्हणत असतील, आमच्याकडे तो गंजच. छिन्नी गंजावर टेकवली, हातोडी उचलली आणि तशीच धरून बसला.

हुडकेश्वरहून उन्हात आलेल्या सुमतीबाई पायरीशी उभ्या होत्या. वाटी कुठं गेली हे त्यांना ठाऊक नव्हतं. रुपरावला ठाऊक होतं. ती हरपली नव्हती. ती त्याच्या बुडाखाली होती. खरोखरच बुडाखाली: पायरीवर सतरंजीचा तुकडा, सतरंजीखाली पत्र्याची चपटी पेटी, पेटीत फडक्यात गुंडाळलेली वाटी. त्या वाटीवर एक नाव घातलेलं होतं आणि नावातलं शेवटचं अक्षर राहिलेलं होतं. ते अक्षर राहिलंय म्हणून आपण राहिलोय, अशी रुपरावची खात्री होती. वर्ष होत आलं, तो त्या वाटीवर बसून जगत होता.

इतवारीत भांड्यांच्या ओळीत गिरिधरशेठचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या पायरीवर रुपराव. भांडं शेठकडे घ्यायचं, नाव रुपरावकडे घालायचं. आता सगळ्यांकडे विजेची मशीन आली. ती घरघरते, रेघ ओढते आणि मोकळी होते. रुपरावकडेही आहे. पण मेलेल्याचं नाव तो मशीननं घालत नाही. छिन्नी अन् हातोडी, टिपक्याला टिपका लावून अक्षर. टुक, टुक, टुक. हमाल, हातगाड्या, टेम्पोवाल्यांच्या शिव्या, या सगळ्यातून ती टुकटुक ओळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते.

मूळचा तो उमरेडकडचा. बापाच्या शेतात भावांचंच भागत नव्हतं, पण पोट्ट्याचं अक्षर देखणं. पोळ्याला गावातले लोक आपापले बैल त्याच्यापुढं आणून उभे करायचे, अन् हा गेरूनं बैलाच्या पाठीवर मालकाचं नाव काढायचा. बैल हलला तरी अक्षर हलायचं नाही. ते पाहून इतवारीतल्या बळीराम उस्तादानं त्याला उचलून आणलं. बळीरामनं काम शिकवलं आणि कामाबरोबर कामाचे नेमही शिकवले. नव्या नवरीचं नाव घालताना बोलायचं नाही. फुटक्या भांड्यावर नाव घालायचं नाही. आणि मेलेल्याच्या भांड्यांवर आपलंच नाव आलं, तर शेवटच्या भांड्यावरचं शेवटचं अक्षर दुसऱ्याच्या हातानं पुरं करून घ्यायचं.

“काहून?” असं तेव्हा रुपरावनं विचारलं होतं.

“आपला मुडदा आपन उचलते का गा कोनी? शेवटचा हात दुसऱ्याचाच लागते,” बळीराम म्हणाला होता.

रुपराव हे नाव काही कमी नाही आमच्या मुलखात. तरी सबंध आयुष्यात तसं काम आलं नव्हतं. ते आलं गेल्या साली, पोळ्याच्या तोंडावर. हुडकेश्वरचे एक रुपराव वारले. तेरवीला वाटायला स्टीलच्या वाट्या. वाटी केवढीशी, आडनाव मावेना. म्हणून दोनच ओळी ठरल्या: वर ‘स्मरणार्थ’, खाली ‘कै. रुपराव’.

तेव्हा घरोघरी ताप होता. नंदनवन वस्तीत रुपरावच्या गल्लीत एक घर सुटलं नव्हतं. रुपरावलाही आला. अंग ठणकत होतं, पोट बिघडलं होतं, घसा बसला होता. भागीरथा, त्याची बायको, म्हणाली का चार दिवस पडून राहा.

“पडून राह्यलो तं वाट्या कोन घालन? तेरवी का मायासाठी थांबून राहीन?”

“मेलेला थांबलाच हाये. त्याले कायची घाई?”

पण त्यानं ऐकलं नाही. ताप अंगावर काढला. आमच्याकडे यात मोठेपणा आहे. दवाखान्यात गेला तो नाजूक अन् अंगावर काढला तो मर्द. गोळी खायची, फडकं बांधायचं आणि कामाला बसायचं. घाम निघाला का ताप निघते. तो तसा बसला. दिवसभर ‘कै. रुपराव’, ‘कै. रुपराव’. कपाळ तव्यासारखं तापलेलं, डोळ्यांपुढं आपलंच नाव. गिरिधरशेठ गादीवरून म्हणालासुद्धा, “काय गा, जितेपनी आपली तेरवी करून राहिला का?” तेव्हा दोघंही हसले.

ताप उतरला. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, मारबत निघाली. ती तर याच ओळींतून जाते. बाईच्या आकाराचे ते उंच पुतळे, खाली माणसांचा नुसता चिखल, आणि एकच घोष: रोगराई घेऊन जाय गे मारबत! रुपराव पायरीवर आत सरकून शेवटची वाटी घालत होता. उस्तादाचा नेम त्याला आठवत होता, पण त्या गर्दीत शेवटच्या अक्षराला दुसरा हात आणायचा कुठून? म्हटलं, घालून टाकू. ‘रुपरा’ झालं. ‘व’ला छिन्नी टेकवली आणि छातीवर कोणीतरी पाय ठेवला. गर्दीतलंच कोणी चढलं असं वाटून त्यानं वर पाहिलं. कोणी नव्हतं. मग छातीत हातोडी चालायला लागली, उलटीसुलटी, नेमाशिवाय. घोष लांब गेला. मारबतही लांब गेली. वाटी हातातून सुटली नाही एवढंच त्याला आठवतं.

दवाखान्यात त्याला अरुंधती नावाच्या डॉक्टर भेटल्या. बाई पुण्याकडच्या शिकलेल्या, बोलणं पुस्तकी, पण माणूस समोर बसला का समजेपर्यंत सांगायच्या. छातीचा आलेख काढला, रक्त पाहिलं, हृदयाची सोनोग्राफी केली. नळ्या मोकळ्या होत्या. हा नेहमीचा झटका नव्हता.

“हृदयाच्या स्नायूला सूज आहे, रुपरावजी. आधी ताप येऊन गेला ना? तो विषाणूचा ताप. तो विषाणू रक्तातून हृदयात शिरला.”

“पन ताप तं उतरला, बाई.”

“उतरला. ऐका. विषाणू स्वतः काही बनवू शकत नाही. तो हृदयाच्या पेशीत घुसतो आणि तिच्याकडून स्वतःसारखेच आणखी बनवून घेतो. ती पेशी मरता मरता ओरडते. म्हणजे रसायनं सोडते. शेजारच्या पेशी ती हाक ऐकून आपापली दारं लावतात आणि शरीराचे राखणदार धावत येतात. पहिले येतात ते दिसेल त्याला खातात. मागून येतात ते ओळखून मारतात. कोणत्या पेशीत विषाणू आहे ते हुडकतात आणि पेशीसकट मारतात.”

“पेशीसकट?”

“घरासकट चोर. दुसरीकडे हे चालतं. कातडी सोलली तर नवी येते. हृदयाची पेशी मेली तर तिच्या जागी नवी जवळजवळ येतच नाही. म्हणून हृदय या राखणदारांना एरवी फार आत येऊ देत नाही. त्यांना रोखायच्या कड्या असतात त्याच्याकडे. पण कधी कधी कड्या निघतात. गर्दी आत येते आणि चोर गेल्यावरही परत जात नाही. चांगल्या पेशींनाही मारत सुटते. ताप असताना तुम्ही विश्रांती घेतली असती तर हृदयावरचा ताण कमी झाला असता. तुम्ही दिवसभर हातोडी चालवली.”

रुपरावनं छातीला हात लावून पाहिलं.

“म्हंजे आता आत रोग नाही?”

“बहुतेक नाही.”

“मंग मारून कोन राहिलं?”

“तुमचेच,” डॉक्टर म्हणाल्या.

हे ‘तुमचेच’ त्याच्या जिवाला लागलं. मारबतीच्या दिवशी तो इतवारीत बसलेला माणूस. त्याला गोष्ट समजली नाही असं नाही. मारबत रोगराई घेऊन गेली अन् गर्दी ओळीतच राहिली, दुकानं तुडवत. एवढं त्यानं भागीरथेला नीट समजावून सांगितलं. पण समजणं वेगळं आणि दुपारी एकटं पडून राहणं वेगळं.

डॉक्टरांनी काही महिने ओझं, धावपळ, हातोडी, सगळं बंद केलं होतं. गोळ्या चालू. नंदनवनातल्या घरात भागीरथा दुपारी शेजारणीकडे वाती वळायला जायची. पंखा बंद केला का रुपरावला आतलं ऐकू यायचं. टुक, टुक, टुक. मग एक जागा रिकामी. मग टुकटुक घाईनं. डॉक्टरांनी सांगितलं होतं का जिथं पेशी मेल्या तिथं डाग राहतो, सांधलेल्या भांड्याच्या झाळीसारखा. तिथून ठोक्याची वीज नीट जात नाही, म्हणून एखादा ठोका चुकेल, घाबरू नका. पण रुपराव चाळीस वर्षं छिन्नी धरलेला माणूस. त्याला तो आवाज ठोक्याचा वाटेना. आत कोणीतरी बसलंय, त्याच्याचसारखी मांडी घालून, आणि नाव घालून राहिलंय. आतल्या बाजूनं. ‘कै.’ झालं. ‘रु’ झाला. एखादी जागा रिकामी गेली का तो ओळखायचा, अक्षर संपलं, आता पुढचं.  हात छातीवर ठेवून तो आतल्याला म्हणायचा, थांब गा.

इथं त्याची चूक झाली. उस्तादाचा नेम होता का शेवटचं अक्षर दुसऱ्यानं पुरं करावं. यानं नेम असा फिरवला का ते कोणी पुरं करूच नये. ‘व’ला छिन्नी टेकली तेव्हा आपण पडलो, पण ‘व’ झाला नाही म्हणून मेलो नाही. बाहेरची वाटी अर्धी आहे तोवर आतल्यालाही पुढं जाता येत नाही. भागीरथेकडून त्यानं ती वाटी दुकानातून मागवून घेतली आणि उशाशी ठेवली. बाकीच्या वाट्या शेठनं तशाच बांधून दिल्या होत्या.

पुढं बरा होऊन पायरीवर आला तेव्हा वाटी पेटीत आली. आणि एक नवीन झंझट सुरू झालं. त्याचं पुरं नाव कोणी घ्यायचं नाही. भाऊ म्हणा, काका म्हणा. गिरिधरशेठला तर निमित्तच पाहिजे. तो गादीवरून ओरडायचा, “ए रुपरा, गिऱ्हाईक आलं पाय!” रुपराव चिडायचा नाही. उलट त्याला बरं वाटायचं. भागीरथेलाही त्यानं बजावलं तेव्हा ती म्हणाली, “म्या लग्नापासून घेतलं नाही तुमचं नाव. आता काय घेते.”

डॉक्टरांनी मागच्या तपासणीत सूज गेल्याचं सांगितलं. डाग लहान आहे, हलकं काम करा, हातोडी चालेल. तो काम करत होता. पण मेलेल्याचं काम आलं का ते तो कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडं धाडायचा. पायरीवरची टुकटुक ओळीला कमी कमी ऐकू येऊ लागली होती.

आणि आता सुमतीबाई उभ्या होत्या.

“बोला ना भाऊ. घालून देता का कसं?”

“मशीनवाल्याकडून घ्या. कोपऱ्यावर हाये.”

“मशीनचं अक्षर आत्या ओळखन ना.”

तेवढ्यात भागीरथा डबा घेऊन आली. तिनं डबा पायरीवर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि सुमतीबाईंकडं पाहिलं. बोलणं मागून तिच्या कानावर आलंच होतं.

“हुडकेश्वरच्या का तुमी? वाटीच्या?”

“हो जी.”

“उठा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“काहून?”

“उठा म्हनते ना. बाईची वस्तू हाये, बाईले द्या. वर्ष झालं कोंबडीसारखे बसले त्यावर. पिल्लू निंघून राहिलं का त्यातून?”

गिरिधरशेठ आतून खो खो हसला. रुपराव उठला नाही तशी भागीरथेनं सतरंजीचं टोक धरून ओढलं, अन् त्याला सरकावंच लागलं. पेटी उघडली, फडकं सोडलं. सुमतीबाईंनी वाटी उन्हात धरली.

“स्मरणार्थ... कै. रुपरा. हे अर्धच काहून?”

रुपराव छिन्नी पुसायला लागला. मग गिरिधरशेठच म्हणाला, “बाई, याचं बी नाव तेच हाये. पुरं झालं का हा बी पुरा होईन, असं याचं म्हननं.”

सुमतीबाईंनी एकदा वाटीकडं पाहिलं, एकदा रुपरावकडं.

“माया बाबाले जाऊन वर्ष होते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “ते पुरे गेले. तुमाले अर्धं ठेवून ते का अर्धे वापस येनार हायेत?” मग जरा थांबून, “पन तुमाले भेव वाटते तं राहू द्या. मी आत्याले सांगून पाहीन.” आणि वाटी त्यांनी पायरीवर परत ठेवली.

भागीरथेनं ती उचलली.

“द्या इकडे हातोडी.”

“तुले येते का?”

“चवथी शिकली हावो मी. ‘व’ तं काढता येते. तुमच्या उस्तादाचा नेमच होता ना, दुसऱ्याचा हात लागते म्हून? मी दुसरीच हावो. तुमचं माहं रक्त एक नाही.”

 नको म्हणायला रुपरावनं हात पुढं केला, पण ती बसलीसुद्धा, मांडीत ठोकळा, ठोकळ्यावर वाटी, ओठ दातात. टुक. मधे बरीच जागा रिकामी. टुक. आयुष्यभर जे नाव तोंडानं घेतलं नाही, त्याचं शेवटचं अक्षर ती हातानं घालत होती. रुपराव डोळे मिटून छातीवर हात ठेवून बसला. बाहेर एक टिपका पडला का आत एक ठोका. तो आतल्याची वाट पाहत होता. आता पुरं होईन. आता.

“झालं,” भागीरथा म्हणाली.

गिरिधरशेठ गादीवरून उतरून पाहायला आला. वाटी जवळ धरून त्यानं वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

“रुपराब,” तो म्हणाला.

“काय?”

“ ‘व’च्या पोटात रेघ पडली वहिनीची. ‘ब’ झाला. कैलासवासी रुपराब. हा कोन गा? कुठचा मुसाफिर?”

“छिन्नी सरकली जरासी,” भागीरथा म्हणाली. “दिसते काय येवढं?”

“दिसते का म्हंजे?” रुपरावनं डोळे उघडले. वाटी ओढून घेतली. “दांडी पाय, वाकडी. वरच्या रेघेले टेकलीच नाही. हे का अक्षर हाये? बैल मुतला सरकत सरकत, तसं दिसून राहिलं.” आणि सुमतीबाईंना, “हे नाही देत मी तुमाले. लोक म्हनतीन, इतवारीतल्या भोयरनं घातलं.”

स्टीलमधला टिपका पुसता येत नाही, पण बसवता येतो. त्यानं वाटी ठोकळ्यावर पालथी धरली आणि पोटातले ते चुकार टिपके मागून हलक्या हातानं ठोकून सपाट केले. वाटी पुन्हा सुलटी. नवी दांडी आखायला त्यानं जुन्या रेघेच्या कडेनं छिन्नी तिरपी धरली, वाकडी रेघ नव्या टिपक्यांत गिळून टाकली, दांडी वर नेली, शिरोरेघेला टेकवली. टुक, टुक, टुक. एकसारखी. भागीरथा त्याच्या हाताकडं पाहत होती.  वाटी रुपरावनं फुंकली, अंगठ्यानं पुसली, उन्हात तिरपी करून पाहिली.

‘कै. रुपराव.’

ते वाचलं तेव्हा कुठं त्याला समजलं का आपण काय केलं.

छातीत एक ठोका चुकला. जागा रिकामी गेली. भांड्यांची ओळ, हमाल, समोरच्या दुकानातले तांबे सगळे जागच्या जागी होते. तो थांबला. मग पुढचा ठोका आला, मागच्याहून जरा जोरात, आणि त्याच्यामागं बाकीचे रोजच्यासारखे लागले. आतला अजून टुकटुकत होता. त्याचं काम संपलं नव्हतं, पण तो काय घालून राहिलाय हे रुपरावनं या वेळी ऐकलं नाही.

“हे घ्या,” त्यानं वाटी सुमतीबाईंना दिली. “आत्याले म्हना, लावून पाय शेजारनीच्या वाटीसंगं.”

सुमतीबाईंनी वाटी पदराच्या टोकात घेतली, डोक्याला लावली आणि पिशवीत ठेवली. जाताना म्हणाल्या, “येते, रुपरावभाऊ.”

पुरं नाव. रुपरावनं तिकडं पाहिलं, पण टोकलं नाही.

“जेवून घ्या,” भागीरथा म्हणाली. “अन् दुपारची गोळी डब्याच्या झाकनात हाये. नाहीतं म्हनानं, वाटी गेली, आता गोळी कायले.”

“ठेव तिथं.”

पायरीशी एक बाई अन् तिची पोरगी कधीच्या उभ्या होत्या, लग्नाची भांडी घेऊन. गुंड, परात, तांब्या. गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, सगळ्यांत मोठा. रुपरावनं सतरंजी सारखी केली. पेटी आता रिकामी होती, तिच्यावर बसताना पत्रा खडखडला. गुंड मांडीत ओढून त्यानं पोरीकडं पाहिलं.

“आडनाव माहेरचं टाकू का सासरचं?”

“माहेरचंच टाका,” पोरगी म्हणाली. “सासरचं पाहू.”

मायनं तिला कोपर मारलं. रुपरावनं छिन्नी टेकवली, आणि नव्या नवरीचं नाव असल्यानं पुढं तो बोलला नाही.